अंगणवाडीतल्या मुलांचे डोळे तपासायला हातातलं यंत्र घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या तुमच्या गणेश मंडळाने दोन वर्षं देखाव्याचा खर्च कमी करून साडेचार लाख रुपये बाजूला ठेवलेत. त्यातून मुलांचे डोळे तपासायचं हातात धरायचं यंत्र घ्यायचं आणि तालुक्यातल्या अंगणवाड्या आणि झेडपीच्या शाळांमधली सगळी मुलं तपासून काढायची. विक्रेत्याने प्रात्यक्षिक दाखवलं, दोन सेकंदांत नंबर आला. तर यंत्र घ्यावं का, आणि यंत्राने ‘पास’ म्हटलं की मुलाचे डोळे चांगले असं धरावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, तसं धरू नका. पहिल्याचं उत्तर आहे, घ्या, पण अंगणवाडीच्या वयासाठी घ्या, आणि बिल भरण्याआधी यंत्राने बाजूला काढलेलं मूल सोमवारी सकाळी कुणाच्या खुर्चीत बसणार ते ठरवा. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. बावीस वर्षं लहान मुलांचे डोळे तपासतेय, त्यातली बरीचशी गावोगावच्या शिबिरांत गेली. यंत्राच्या बाजूने आणि विरुद्धही बोलण्यासारखं बरंच पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यंत्र नेमकं काय करतं ते आधी समजून घ्या, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. तुम्हाला दाखवलं ते फोटोस्क्रीनर. ‘स्पॉट’, ‘प्लसऑप्टिक्स’ ही त्यातली माहितीतली नावं. मुलापासून साधारण एक मीटरवर धरायचं. त्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश निघतो, बाहुलीतून आत जातो, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर आपटून परत येतो आणि कॅमेरा त्या उजळलेल्या बाहुलीचा फोटो घेतो. डोळ्याला नंबर नसेल तर बाहुली सगळीकडे सारखी उजळते. मायनस नंबर असेल तर एका कडेला चंद्रकोरीसारखा उजेड जास्त, प्लस असेल तर समोरच्या कडेला. ही कोर किती जाड, कोणत्या दिशेला, यावरून यंत्र नंबरचा अंदाज बांधतं. दोन्ही डोळे एकाच वेळी पाहतं, त्यामुळे दोन डोळ्यांतला फरक लगेच कळतो. बुबुळावर चमकणारा ठिपका दोन्हीकडे सारख्या जागी आहे का, यावरून तिरळेपणाचाही अंदाज येतो.

म्हणजे यंत्र डोळ्याची घडण मोजतं. मुलाला किती दिसतं ते मोजत नाही, कारण दिसतं मेंदूला, आणि मेंदूपर्यंत यंत्र पोचत नाही.

कल्पना जुनी आहे. अशा प्रकाशफोटोवरून नंबर काढायची पद्धत १९७४ साली शास्त्रज्ञांनी मांडली आणि १९७९ मध्ये फिनलंडच्या काकिनेन या डॉक्टरांनी साध्या फ्लॅशच्या फोटोवरून मुलांमधला तिरळेपणा आणि नंबर हुडकून दाखवला. आता फक्त फोटो वाचायचं काम यंत्र स्वतः करतं.

मग एवढा खटाटोप कशासाठी? आळशी डोळ्यासाठी. तो सांगून समजत नाही, म्हणून एका मुलीबद्दल सांगते. पाच वर्षांची, मोठ्या गटात जाणारी. आजी म्हणाली, “हिच्या डोळ्याला काय धाड भरलीय, माझ्या सुईत दोरा हीच ओवते.” खरंच ओवत होती. यंत्रावर उजवा डोळा पाऊण प्लस आणि डावा साडेचार प्लस आला. मी उजव्यावर हात ठेवला तशी ती गप्प झाली, मान वळवली आणि माझं मनगट धरून हात बाजूला ढकलला. डाव्या डोळ्याने तक्त्यावरची सगळ्यात मोठी आकृतीसुद्धा तिला धड सांगता येईना. पाच वर्षं ती एकाच डोळ्याने जग पाहत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. तिला स्वतःलाही नव्हता, कारण दोन्ही डोळ्यांनी कसं दिसतं हे तिने कधी अनुभवलंच नव्हतं. मेंदू धूसर चित्र टाकून देतो, चांगल्या डोळ्याचं घेतो, आणि वर्षानुवर्षं असं चाललं की नाकारलेल्या डोळ्याची नजर घडतच नाही. पुढे चष्मा लावूनही मग ती पूर्ण येत नाही.

असं मूल कधीच तक्रार करत नाही. तीन वर्षांच्या मुलाला तक्ता वाचता येत नाही, दीड वर्षाच्या मुलाला तर विचारायचीही सोय नाही. म्हणून सहा महिने ते पाच वर्षं या वयात फोटोस्क्रीनरला तोड नाही. मुलाने फक्त क्षणभर त्या चिवचिवणाऱ्या, लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघायचं.

सहा-सात वर्षांपुढच्या मुलांसाठी मात्र हे पैसे वापरू नका. पहिलीच्या पुढचं मूल वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी ‘ई’च्या तक्त्याकडे बघून बोटांनी दिशा दाखवू शकतं. सहा मीटरची एक सुतळी मोजून घ्या, दोन टोकांना गाठी मारा, एका टोकाला तक्ता, दुसऱ्याला मूल, आणि एकेक डोळा नीट झाका. तळहाताने, बोटांनी नाही, कारण मुलं बोटांच्या फटीतून हमखास बघतात. शिकवलेल्या बाईंना आणि गुरुजींना हे छान जमतं, आणि यात मुलाला खरोखर किती दिसतं ते कळतं.

आता यंत्र काय चुकवतं ते. हा भाग विक्रेत्याच्या पत्रकात बारीक अक्षरात असतो.

लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग फार लवचिक असतं. मूल यंत्राकडे बघताना नकळत जोर लावतं आणि प्लस नंबर झाकला जातो. वरच्या मुलीचा डावा डोळा यंत्रावर साडेचार आला, हा जोर सैल करणारे थेंब डोळ्यात टाकून तपासल्यावर साडेपाच निघाला. तिच्यात फरक मोठा होता म्हणून सापडली. दोन्ही डोळ्यांना सारखा साडेतीन प्लस असलेलं मूल यंत्रासमोर दोन प्लस दाखवून ‘पास’ होऊन जाऊ शकतं. उलटंही होतं. जोर लावल्यामुळे नंबर नसलेल्या मुलाचा मायनस येतो. एका शिबिरात यंत्राच्या चिठ्ठीवरून थेट चष्मे करून दिले होते. त्यातला सहा वर्षांचा मुलगा महिन्याभराने डोकेदुखी घेऊन माझ्याकडे आला, नाकावर सव्वा मायनसचा चष्मा. थेंब टाकून तपासलं तर अर्धा प्लस. त्याला चष्म्याची गरजच नव्हती. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तुमच्या मंडळाने एक नियम कागदावर लिहून टाका: यंत्राच्या आकड्यावरून एकही चष्मा बनणार नाही. चष्मा बनेल तो बाहुली मोठी करणारे थेंब किंवा मलम घालून, रेटिनोस्कोपी करून, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून तज्ज्ञाने हाताने काढलेल्या नंबरवरच.

दुसरं, नंबर ठीक असला तरी डोळा ठीक असेलच असं नाही. चार वर्षांचा एक मुलगा यंत्रावर स्वच्छ ‘पास’ झाला होता. आई म्हणत होती, “टीव्ही बघताना मान वाकडी करतो.” डॉक्टरांनी आतून पाहिलं तर पडद्याच्या मध्यावर जुना डाग. अशा वेळी आईचं म्हणणं यंत्राच्या वर धरायचं. अंगणवाडीताईंना मी हेच सांगते, की घरच्यांनी मान, चाल, जवळ धरून बघणं, डोळा फिरणं यातलं काहीही सांगितलं तर मुलाला यंत्रावर न घालता सरळ डॉक्टरांकडे पाठवायचं. तिरळेपणाचंही तसंच. आपल्याकडे अजून “तिरळा डोळा नशीबवान” म्हणून सोडून देतात. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा डोळा वळलेला दिसला तर त्याला डॉक्टरच हवा.

तिसरं, यंत्राला मर्यादेपलीकडचं दिसत नाही. ‘स्पॉट’ साधारण साडेसात मायनस ते साडेसात प्लस एवढ्यातच वाचतं. त्याहून मोठा नंबर, मोतीबिंदू, पडद्यावरची गाठ, अशा डोळ्यात ते अडखळतं आणि बऱ्याचदा आकडाच देत नाही. शिबिराच्या घाईत कार्यकर्ते “रीडिंग आलं नाही, पुढचा बोलवा” म्हणतात. उलट सगळ्यात गंभीर मुलं याच ढिगात असतात. तीनदा नीट प्रयत्न करूनही आकडा आला नाही तर ते ‘नापास’ धरायचं आणि सगळ्यांच्या आधी पाठवायचं.

बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच दिवशी. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरं दिसतं, तसं. ते मोतीबिंदूमुळे असू शकतं आणि रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगामुळेही असू शकतं. तो दर पंधरा-वीस हजार जन्मांत एखाद्याला होतो, वेळेत सापडला तर जीव वाचतो आणि बऱ्याचदा डोळाही. त्या मुलाच्या घरी कार्यकर्त्याने स्वतः जायचं, चिठ्ठी पाठवून भागवायचं नाही.

आता खोलीत काय होतं ते सांगते, कारण यंत्र चालतं की नाही हे तिथेच ठरतं. यंत्राला बाहुली किमान चार मिलिमीटर मोठी लागते. मार्चमध्ये एका अंगणवाडीत पत्र्याचं छप्पर, दार सताड उघडं, बाहेर पांढरं ऊन. मुलांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या आणि यंत्र दर वेळी ‘बाहुली लहान’ म्हणून नकार देतंय. शेवटी अंगणवाडीताईंनी पोषण आहाराची रिकामी पोती आणि दोन सतरंज्या खिडक्यांवर टांगल्या, दार लोटलं, आणि दहा मिनिटं मुलांना आत बसवून ठेवलं. मग भराभर रीडिंग आले. लहान मूल आईच्या मांडीवरच बसवा. आईने हनुवटी धरायची नाही, धरली की मूल मान झटकतं. काजळ पापण्यांवर ओघळलेलं असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या. रडणाऱ्या मुलाला बाहेर खेळू द्या आणि शेवटी परत बोलवा. यंत्र एक मीटरवर आहे का ते यंत्राच्या स्क्रीनवर दिसतं, तरी दिवसअखेर हात खाली येतो, म्हणून दोघांनी आलटून पालटून धरावं.

हे सगळं शिकलेल्या सामान्य बायका-पोरांना जमतं का? जमतं. अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर मोठा अभ्यास झाला होता, ‘व्हिजन इन प्रीस्कूलर्स’ नावाचा. हातात धरायची नंबर मोजणारी यंत्रं, म्हणजे ‘रेटिनोमॅक्स’ आणि ‘शुअरसाइट’, परिचारिकांनीही वापरली आणि प्रशिक्षण दिलेल्या सर्वसामान्य माणसांनीही. दोघांत फारसा फरक पडला नाही. मात्र निरोगी मुलांपैकी नव्वद टक्के बरोबर ‘पास’ होतील अशी ‘नापास’ करायची मर्यादा ठेवली, तेव्हा दोष असलेल्या मुलांपैकी साधारण ६० ते ७० टक्केच पकडली गेली. उरलेली निसटली.

ही मर्यादा कुठे ठेवायची, म्हणजे किती नंबरपुढे मूल ‘नापास’ धरायचं, हा तुमच्या हातातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, आणि विक्रेते त्याबद्दल बोलत नाहीत. समजायला सोपं जावं म्हणून आकडे धरू. हजार मुलं तपासली, त्यातल्या चाळिसांना खरा दोष आहे. यंत्राने चौतीस पकडली, सहा सोडली. उरलेल्या ९६० निरोगी मुलांपैकी दहा टक्क्यांना उगाच ‘नापास’ केलं, म्हणजे ९६. एकूण १३० मुलं डॉक्टरांकडे गेली, त्यातली ९६ रोजगार बुडवून, एसटीचं भाडं भरून, “काही नाही, जा घरी” ऐकून परत आली. पुढच्या वर्षी त्या गावात तुमच्या शिबिराला कोण येईल?

म्हणून मर्यादा वर ठेवा, मोठा दोष दिसला तरच मूल ‘नापास’ धरा. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये वयानुसार आकडे दिले होते, पुढे त्यात सुधारणाही झाल्या. चार वर्षांवरच्या मुलासाठी त्यात साडेतीनपेक्षा जास्त प्लस, दीडपेक्षा जास्त सिलिंडर, दोन डोळ्यांत दीडपेक्षा जास्त फरक असे उंबरठे होते, आणि लहान वयासाठी आणखी वरचे. यंत्रात हे आकडे बदलता येतात. पाव-अर्ध्या नंबरची मुलं गोळा करायला तुम्ही निघालेला नाही, नजर कायमची गमावू शकणारी मुलं हवीत.

असं काम तुमच्यासारख्याच मंडळींनी करून दाखवलंय. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २००० साली लायन्स क्लबचे कार्यकर्ते आणि तिथलं विद्यापीठ यांनी मिळून सुरुवात केली. कार्यकर्ते गावोगाव फोटो काढत, विद्यापीठात ते वाचले जात. नऊ वर्षांत १,४७,८०९ मुलं तपासली. डॉक्टरांकडे पाठवली ती फक्त ६,२४७, म्हणजे ४.२ टक्के. पाठवलेल्यांपैकी ७६.९ टक्के खरोखर डॉक्टरांपर्यंत पोचली, आणि डॉक्टरांनी तपासलेल्यांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक मुलांमध्ये दोष निघाला. यातला ७६.९ हा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो यंत्राने आणलेला नाही. एकेका घरी फोन करणाऱ्या, पत्रं पाठवणाऱ्या माणसांनी आणलाय.

केनियातल्या ट्रान्स-न्झोइया भागातही हेच दिसलं. तिथल्या ५० शाळांवर झालेल्या अभ्यासात निम्म्या शाळांत शिक्षकांनी नेहमीच्या तक्त्याने आणि निम्म्यांत ‘पीक’ या मोबाइल पद्धतीने तपासणी केली. मोबाइलच्या पद्धतीत पालकांना आठवणीचे संदेश जात, शाळेला यादी मिळे. पाठवलेल्या मुलांपैकी साध्या पद्धतीत २२ टक्के दवाखान्यात गेली, दुसऱ्या पद्धतीत ५४ टक्के. फरक पाठपुराव्याने पडला.

तर आता तुमचे साडेचार लाख. लगेच यंत्र घेऊ नका. आधी अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा की पाच वर्षांखालच्या मुलांना थेंब टाकून तपासणारं कोण आहे, कोणत्या वारी, दिवसाला किती मुलं पाहतील. आठवड्याला वीस म्हणाले तर तुमचं शिबिर आठवड्याला वीस मुलांपेक्षा जास्त पाठवणार नाही एवढंच घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तालुका पथकाला सोबत घ्या. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं, जन्मजात मोतीबिंदू आणि दृष्टिदोष त्यांच्या यादीत आहेतच. त्यांच्या फेरीला यंत्र जोडलं तर मुलाची नोंद सरकारी वहीत राहते आणि पुढचे उपचार मोफत मिळायची वाट खुली होते. तुमची वेगळी वही कपाटात जाते.

मग एखाद्या नेत्र रुग्णालयाकडून यंत्र महिनाभर मागून घ्या आणि दहा अंगणवाड्यांत चालवून बघा. पाठवलेली किती पोचली, किती जणांत खरंच दोष निघाला, हे दोन आकडे हाती आल्यावर खरेदीचं ठरवा. घेताना बॅटरी किती वेळ टिकते, बिघडलं तर दुरुस्तीला कुठे जातं, तोवर बदली यंत्र मिळतं का, हे लिहून घ्या. आणि निम्मे पैसे यंत्राच्या पलीकडे राखून ठेवा, प्रवासभाडं, चष्मे, दुसरे चष्मे यांसाठी. मुलाचा चष्मा सहा महिन्यांत तुटतो, हरवतो किंवा धाकटा भाऊ त्यावर बसतो. मऊ फ्रेम, मागे इलॅस्टिकचा पट्टा आणि न फुटणारी पॉलिकार्बोनेटची काच घ्या.

घरचे लोक “एवढ्या लहानपणी चष्मा लावला की नंबर वाढतो” म्हणतील, मुलगी असेल तर “उद्या लग्नाचं बघायचंय” म्हणतील. वाद घालू नका. मुलाचा चांगला डोळा झाका आणि आईला बघू द्या की दुसऱ्या डोळ्याने ते दारापर्यंत कसं चाचपडत जातं. वरच्या मुलीच्या आजीला मी तेच दाखवलं होतं. ती तिथेच खाली बसली, आणि आळशी डोळ्याला कामाला लावायला नातीच्या चांगल्या डोळ्यावर जी पट्टी लावायची, तिची जबाबदारी पुढचे सात महिने आजीनेच घेतली. शाळेत चिडवतात म्हणून पट्टी घरी, रोज संध्याकाळी दोन तास. सात वर्षांखालच्या मुलांमध्ये मध्यम आळशी डोळ्यासाठी रोज दोन तास पट्टी सहा तासांइतकाच गुण देते, हे अभ्यासांतून दिसलंय. त्या दोन तासांत आजी तिच्यापुढे ताटलीत मूग आणि मटकी मिसळून ठेवायची आणि निवडायला लावायची.

शेवटचं, वेळापत्रक. तुमच्या तालुक्यातली बरीच घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. जानेवारीत शिबिर घेतलंत तर नेमकी गरजेची मुलं फडात असतील. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की तपासणी, जुलै-ऑगस्टमध्ये थेंबांची तपासणी, गणपतीच्या आधी चष्मे, आणि दसऱ्यापर्यंत एकदा पुन्हा बघणं, असं बसवा. टोळी निघण्याआधी प्रत्येक चष्मेवाल्या मुलाच्या आईकडे दुसरा चष्मा द्या, नंबरची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या आणि मुकादमाचा मोबाइल नंबर तुमच्या वहीत लिहून घ्या. डिसेंबरमध्ये त्या नंबरवर फोन करून विचारा, पोरगी चष्मा घालते का, संध्याकाळी पट्टी लावते का.